व्हीआरमध्ये किल्ला पाहताना तुमच्याबद्दल काय काय नोंदलं जातं?

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. पहिली बातमी घराघरांत पोचली, दुसरी बहुतेकांनी मथळ्यावरच सोडून दिली. पण या दोन बातम्या एका ठिकाणी येऊन मिळतात. एखादं विद्यापीठ किंवा संग्रहालय किल्ल्याची त्रिमिती प्रतिकृती तयार करतं, लोकांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवतं आणि त्यांना काय दिसलं, काय समजलं, काय आवडलं याचा अभ्यास करतं, तेच हे ठिकाण.

अशा अभ्यासात भाग घेणाऱ्याला 'सहभागी' म्हणतात. तो एका कागदावर सही करतो, पंधरा-वीस मिनिटं आभासी गडावर फिरतो, प्रश्नावली भरतो आणि घरी जातो. 'तुमचं नाव कुठेही येणार नाही' असं त्याला सांगितलेलं असतं. हे वाक्य बहुतेक वेळा प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं. तरीही ते पुरेसं का नाही आणि पुरेसं करायला काय करावं लागतं, ते इथे पाहू.

## हेडसेट नेमकं काय मोजतो?

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, मराठीत आभासी वास्तव. तुम्ही मान वळवली की समोरचं दृश्य वळायला हवं, वाकलात की जमीन जवळ यायला हवी. हे साधायचं तर तुमचं डोकं खोलीत कुठे आहे आणि कोणत्या दिशेला वळलंय, हे यंत्राला सतत मोजावं लागतं. हातातल्या दोन कंट्रोलरचंही तसंच. म्हणजे हे मोजमाप कुणी कपटाने करत नाही. ते थांबवलं तर व्हीआर चालणारच नाही.

आता थोडा हिशोब. एका वस्तूची जागा सांगायला तीन आकडे लागतात: डावी-उजवी बाजू, उंची आणि पुढे-मागे. तिचा कल सांगायला आणखी तीन. डोकं आणि दोन हात धरून झाले १८ आकडे. यंत्र हे मोजमाप सेकंदाला ९० वेळा करत असेल तर एका सेकंदात १,६२० आकडे होतात आणि २० मिनिटांत १९ लाख ४४ हजार. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हे सगळं साधारण १५ एमबीत मावतं, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर सहज पुढे ढकलता येईल इतक्यात. एवढी लहान फाइल कुणाला धोक्याची वाटत नाही, आणि म्हणून ती लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते.

अशी फाइल उघडली तर एखादी ओळ अशी दिसते: १२.३४४, ०.१८, १.५८, −०.४२ आणि पुढे आणखी आकडे. पहिला आकडा सत्र सुरू होऊन किती सेकंद झाले तो. तिसरा, म्हणजे १.५८, हा डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये. डोळ्यांपासून टाळूपर्यंत साधारण ११-१२ सेंटीमीटर धरा. माणूस पाच फूट सात इंचांच्या आसपासचा आहे, हे एका ओळीतून कळलं. हात पूर्ण लांबवल्याची एखादी ओळ सापडली की हाताची लांबी. डाव्या आणि उजव्या कंट्रोलरच्या हालचाली ताडून पाहिल्या की डावखुरा की उजव्या हाताचा. मान वळवायचा वेग, वाकताना होणारा वेळ, एका पायावर भार टाकून उभं राहायची सवय, सगळं त्यातच आहे.

## चेहरा तर झाकलेला असतो, मग ओळख कशी पटणार?

जिन्यावर पावलं वाजली की दार उघडण्याआधी आईला कळतं, कोण आलंय. चेहरा दिसलेला नसतो, आवाज आलेला नसतो. चालण्याची लय पुरते. हेडसेटच्या नोंदीतही तीच लय असते, फक्त ती आकड्यांत असते आणि ओळखणारी आई नसून संगणक असतो.

हे प्रयोगाने तपासलेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ लोकांना ३६० अंशांचे व्हिडिओ दाखवले. पाच मिनिटांपेक्षाही कमी हालचालींवरून संगणकाने सुमारे ९५ टक्के वेळा बरोबर माणूस ओळखला. हे लोक नुसते व्हिडिओ पाहत होते, कुठलाही खेळ खेळत नव्हते. ओळखायला सर्वांत उपयोगी पडला तो डोक्याच्या उंचीचा आकडा.

त्यानंतर २०२३ मध्ये बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 'बीट सेबर' या खेळाच्या नोंदी घेतल्या. त्यात संगीताच्या तालावर समोरून येणारे ठोकळे तलवारीने कापायचे असतात. ५० हजारांहून अधिक खेळाडूंमधून एक जण ओळखायचा होता. प्रत्येकाच्या पाच मिनिटांच्या नोंदीवर संगणकाला शिकवल्यावर, १०० सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्क्यांहून जास्त वेळा अचूक ओळख पटली. केवळ १० सेकंदांवरूनही ७३ टक्के.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर उगाच घबराट होते. ही अचूकता एकाच प्रकारच्या कामातली आहे. शिकवताना तोच खेळ, ओळखतानाही तोच. काम बदललं, मध्ये बरेच दिवस गेले, की अचूकता घसरते. शिवाय ओळख पटवायला जुळवणीसाठी दुसरी, नाव असलेली नोंद लागते. कागदावरचा अंगठ्याचा ठसा एकटा असेल तर तो कुणाचा हे कळत नाही. दुसऱ्या कागदावर नावासह तोच ठसा मिळाला की कळतं. आज तुमची नावासह दुसरी व्हीआर नोंद कुठे नसेलही. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःच्या खात्यावरून खेळ खेळलात तर असेल. संशोधनाची फाइल तोवर टिकली असेल, तर आज 'निनावी' म्हणून ठेवलेली नोंद तेव्हा निनावी राहीलच असं नाही.

## मग नाव काढलं म्हणजे काय झालं?

अर्धं काम झालं. इथे दोन शब्दांतला फरक लक्षात घ्यायला हवा. नावाऐवजी क्रमांक लिहिला आणि क्रमांक कुणाचा याची यादी कुठेतरी ठेवली, तर ती 'सांकेतिक' नोंद. कुठल्याही वाजवी मार्गाने माणसापर्यंत पोचताच येणार नाही, ती 'निनावी' नोंद. युरोपचा डेटा संरक्षण कायदा सांकेतिक नोंदीला वैयक्तिक माहितीच मानतो. बऱ्याच संमतीपत्रांत 'निनावी' असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात नोंद सांकेतिक असते. ही थाप नसते, शब्दांचा घोळ असतो, पण सहभागीच्या दृष्टीने परिणाम तोच.

नाव नसतानाही माणूस सापडतो याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी दाखवलं होतं की पिनकोडसारखा पाच अंकी टपाल क्रमांक, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्याकडे गडाच्या पायथ्याच्या वाडीत अभ्यास केला आणि तक्त्यात 'स्त्री, ६५ वर्षं, गोंधळी परंपरा, अमुक गाव' असं लिहिलं, तर पायथ्याचा कुणीही माणूस नाव सांगेल. त्याला संगणकाचीही गरज नाही.

## वारशाच्या अभ्यासात धोका वेगळा का?

ठोकळे कापताना माणूस फक्त ठोकळे कापतो. गडावर, लेण्यात, देवळात तो माणूस म्हणून वागतो.

समजा, रायगडाच्या प्रतिकृतीत सहभागी जगदीश्वराच्या देवळापाशी पोचला. पुष्कळ जण तिथे नकळत हात जोडतील. नोंदीत काय उमटेल? दोन्ही कंट्रोलर छातीच्या उंचीवर येऊन एकमेकांपासून पाच-सहा सेंटीमीटरवर थांबले, डोकं वीसेक अंश खाली झुकलं, तीन सेकंद सगळं स्थिर. संशोधकाला हे मुळी शोधायचंच नव्हतं. त्याला दिशादर्शक पाट्या नीट दिसतात का, एवढंच पाहायचं होतं. पण श्रद्धेची नोंद झाली, आणि हात न जोडणाऱ्याचीही झाली. प्रश्नावलीत धर्म, जात विचारायची नाही असं ठरवूनही ती माहिती हालचालींतून आत आली.

बोलणंही तसंच. पाहता पाहता मोठ्याने बोला, असं सहभागींना सांगण्याची पद्धत या अभ्यासांत असते. मग माणूस म्हणतो, 'आमच्या आजोबांकडे या गडाची अमुक जबाबदारी होती', 'आमचं घर त्या बुरुजाच्या खाली'. आडनाव, गाव, वतन, कधी भावकीतला जमिनीचा वाद, सगळं ध्वनिमुद्रणात उतरतं. २०१८ मध्ये ऑक्सफर्डमधून सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट दास्तान'मध्ये फाळणीत घर सोडावं लागलेल्या वृद्धांना त्यांच्या मूळ गावाचं दृश्य व्हीआरमधून दाखवलं गेलं. असं दृश्य पाहताना माणूस काय बोलेल, कुणाचं नाव घेईल, हे आधी कुणीच ठरवू शकत नाही. त्या आठवणीत शेजारीपाजारी येतात, आणि त्यांनी तर कशालाच संमती दिलेली नसते.

डोळ्यांची नोंद हा याहून नाजूक प्रकार. काही हेडसेटमध्ये डोळ्यांकडे रोखलेले छोटे कॅमेरे असतात. तुम्ही कुठे पाहता, किती वेळ पाहता, बाहुली किती मोठी झाली, हे ते टिपतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात लोक पद्मपाणीकडे आधी पाहतात की छताकडे, हा अभ्यासाचा अतिशय चांगला प्रश्न आहे. पण त्याच नोंदीतून हेही कळतं की माहितीफलक वाचताना कोण अडखळतं, कोणाची नजर कुठल्या आकृतीवर रेंगाळते, कोणाच्या नजरेच्या हालचालीत आजाराची लक्षणं असू शकतात. मान वळवणं आपल्या हातात असतं. नजर बऱ्याचदा आपल्याही नकळत फिरते. म्हणून माझ्या मते नजरेच्या कच्च्या नोंदीला आरोग्याच्या कागदाइतकंच जपायला हवं.

आणि आरोग्याची माहिती तर सरळच घेतली जाते. हेडसेट चढवण्याआधी फिट येते का, गरोदर आहात का, असं विचारतात. व्हीआरमुळे मळमळ, चक्कर होते का हे तपासायला १६ लक्षणांची एक प्रश्नावली १९९३ पासून वापरात आहे. हे सगळं गरजेचंच आहे, कारण सहभागी चक्कर येऊन पडला तर इजा होते. पण ती उत्तरं गडाच्या अभ्यासाच्या तक्त्यात त्याच ओळीत ठेवायची काही गरज नसते. 'सहभागी पात्र आहे' एवढी एक खूण पुरते आणि मूळ कागद लगेच नष्ट करता येतो.

## सगळ्यात मोठा उपाय: मुळात कमी नोंदवा

कुलूप, पासवर्ड, सांकेतिक भाषा हे सगळं नंतरचं. जी नोंद झालीच नाही ती फुटत नाही, चोरीला जात नाही आणि पाच वर्षांनी कुणाशी जुळतही नाही. त्यामुळे प्रकल्प सुरू करण्याआधी एक तक्ता करावा. डाव्या बाजूला अभ्यासाचा प्रश्न, उजव्या बाजूला त्याला लागणारी किमान नोंद. ज्या नोंदीसमोर प्रश्न नाही ती बंद करावी.

'लोक महादरवाजापाशी किती वेळ थांबतात?' हा प्रश्न असेल तर सेकंदाला ९० वेळा डोक्याची जागा लागत नाही. प्रतिकृतीत दरवाजाभोवती एक अदृश्य चौकट आखायची. सहभागी आत शिरला की घड्याळ सुरू, बाहेर पडला की बंद. फाइलमध्ये एकच ओळ: महादरवाजा, ४२ सेकंद. नजरेचंही तसंच करता येतं. पद्मपाणी, छत, फलक अशा चौकटी आखा, प्रत्येकीवर नजर किती सेकंद होती ते हेडसेटमध्येच मोजा आणि कच्चे आकडे साठवूच नका. १९ लाख आकड्यांच्या जागी वीस-पंचवीस आकडे उरतात, आणि त्यांतून कुणाची चाल ओळखता येत नाही.

'पण पुढे कुणाला वेगळा प्रश्न सुचला तर कच्ची नोंद हवी ना?' हा आक्षेप खरा आहे आणि तो प्रत्येक प्रकल्पात येतो. त्यावर मधला मार्ग आहे. पहिल्या पाच-सहा चाचण्या संघातल्याच लोकांवर घ्या, त्यांची कच्ची नोंद ठेवा आणि चौकटी बरोबर आहेत का ते त्यावर तपासा. खऱ्या सहभागींची कच्ची नोंद खरोखर लागणारच असेल तर ती सेकंदाला ९० ऐवजी ५ किंवा १० वेळा घ्या. उंची थेट मीटरमध्ये ठेवू नका. सुरुवातीला सहभागीला सरळ उभं करून उंची मोजा आणि पुढचा प्रत्येक आकडा त्या उंचीने भागून साठवा. सरळ उभा म्हणजे १, वाकला म्हणजे ०.८. मूळ उंची साठवायची नाही. याने ओळख पूर्ण पुसली जात नाही, कारण चालीची लय उरतेच, पण ओळखायला सर्वांत सोपा असलेला धागा तुटतो.

## क्रमांक कसा द्यायचा, आणि कुठे चुकतं

सहभागीला १, २, ३ असे ओळीने क्रमांक दिले की नोंदवहीतला क्रम आणि फाइलमधला क्रम सारखाच होतो. सकाळी पहिलं कोण आलं हे स्वागतकक्षातल्या शिपायालाही आठवत असतं. नावाची आद्याक्षरं वापरली तर लपवलंच काय? मोबाइल क्रमांकाचा 'हॅश' करून तो वापरणं हुशारीचं वाटतं. हॅश म्हणजे मजकुराचं गणिती सूत्राने केलेलं असं रूप, की त्यावरून मूळ मजकूर उलट काढता येत नाही. पण भारतातले मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे शक्यता ४०० कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. साधा संगणक मात्र सगळ्या क्रमांकांचे हॅश करून तासाभराच्या आत जुळणारा शोधतो.

म्हणून क्रमांक सोडतीसारखा काढावा. चार अंकांच्या चिठ्ठ्या आधीच छापून डब्यात ठेवल्या तरी चालतं. कुठला क्रमांक कुणाचा ही यादी अभ्यासाच्या संगणकावर ठेवायचीच नाही. ती वेगळ्या, पासवर्डने बंद केलेल्या ड्राइव्हवर, एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे असावी आणि नष्ट करायची तारीख सुरुवातीलाच लिहून ठेवावी.

नेहमी होणारी चूक कागदावरची आहे. संमतीपत्रावर सहभागीची सही असते, आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात कुणीतरी सोयीसाठी त्याचा क्रमांक लिहून ठेवतो. एका पेनाच्या फटकाऱ्याने सगळी मेहनत वाया. दुसरी चूक वेळेची. हेडसेट फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ घालतो, आणि नोंदवहीत '११.२०, अमुक' असं लिहिलेलं असतं. म्हणून फाइलचं नाव बदलून फक्त क्रमांक ठेवावा आणि आतली वेळ शून्यापासून मोजलेली असावी. तिसरी, ऑनलाइन फॉर्मची: ईमेल आपोआप गोळा करण्याची सोय चालू राहून जाते आणि निनावी प्रश्नावलीच्या पहिल्याच रकान्यात पत्ते येऊन बसतात. चौथी, उत्साहाची. हेडसेट घातलेल्या सहभागींचा फोटो त्याच संध्याकाळी समाजमाध्यमांवर जातो, मागे भिंतीवर सत्रांचं वेळापत्रक लावलेलं असतं.

## हेडसेटच्या पोटात काय उरतं?

हेडसेट स्वतःही एक संगणक आहे आणि तो अभ्यासाच्या फाइलपलीकडे बरंच काही जपून ठेवतो. सहभागीने स्वतःच्या खात्याने कधीही लॉगिन करू नये; प्रकल्पासाठी वेगळं खातं असावं आणि त्यात कुणाचाही वैयक्तिक ईमेल नसावा. क्लाउड बॅकअप बंद ठेवावा. सत्र चालू असताना शक्य असेल तर वायफायही बंद ठेवावं, कारण त्रिमिती प्रतिकृती आधीच उतरवून घेतलेली असली की इंटरनेटची गरज नसते. खोलीची आखलेली हद्द यंत्र लक्षात ठेवतं. अभ्यास सहभागीच्या घरी केला असेल तर ती हद्द म्हणजे त्याच्या घराचा नकाशा आहे, ती पुसायची. मोठ्या पडद्यावर दृश्य दाखवायची सोय मागे बसलेल्यांसाठी छान असते, पण सहभागी काय पाहतोय हे त्याला न सांगता दहा जण पाहणार असतील तर ते बरोबर नाही.

ध्वनिमुद्रण असेल तर ते लिहून काढावं, गावं-आडनावं बदलावीत, तपासून घ्यावं आणि आवाजाची मूळ फाइल नष्ट करावी. लिहून काढायला ऑनलाइन सेवा वापरली तर आवाज तिसऱ्याच कंपनीकडे गेला, हे विसरू नये. पुसणं म्हणजे चार जागी पुसणं: हेडसेट, लॅपटॉपचा फोल्डर आणि त्याची कचरापेटी, आपोआप जुळणारा क्लाउड फोल्डर, आणि घाईत वापरलेला पेनड्राइव्ह. चौथी जागा जवळजवळ नेहमी राहते.

## कायद्यात संशोधनाला सूट आहे, मग एवढी काळजी कशाला?

सूट आहे, हे खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या आपल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी यांना ती दिलेली आहे. पण तिला दोन अटी आहेत. त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि काम नियमांत सांगितलेल्या मानकांनुसार करायचं. ती मानकं काय म्हणतात? गरजेपुरतीच माहिती घ्या, गरजेपुरतीच ठेवा, तिच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था करा. म्हणजे वर सांगितलं तेच. हीच नोंद उद्या तिकीटविक्रीच्या ॲपला जाहिरातीसाठी दिली तर ते संशोधन उरत नाही आणि सूटही उरत नाही. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. बहुतेक जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होणार आहेत, पण आज सुरू झालेला प्रकल्प तोवर चालूच असेल.

मुलांबाबत विशेष जपायला हवं. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. शाळेची सहल गडावरच्या व्हीआर दालनात आली आणि बाईंनी चाळीस मुलांच्या वतीने एक सही केली, तर ती पालकांची संमती नव्हे. सूट देणाऱ्या कलमात बसतंय का याची फोड करत बसण्यापेक्षा मुलांना दृश्य खुशाल दाखवावं आणि नोंदीचं बटण बंद ठेवावं. मुलांचा आनंद कमी होत नाही.

युरोपातलं विद्यापीठ भागीदार असेल तर तिथला २०१८ पासून लागू असलेला कायदाही आड येतो. ओळख पटवण्यासाठी वापरलेली शारीरिक माहिती तिथे खास संरक्षणात येते. फाइल कोण कुणाला पाठवणार हे करारात आधी लिहावं लागतं, ईमेलला जोडून पाठवता येत नाही.

## जिथे नाव लपवणं हाच अन्याय ठरतो

इथवरचं सगळं पाहणाऱ्यांबद्दल होतं. वारशाच्या अभ्यासात दुसरी माणसंही असतात, ज्यांच्या हातात वारसा आहे.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणारे कारागीर आहेत. हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून पडतो आणि भांड्यावर चकाकणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा उमटतात. हे कौशल्य जपायचं म्हणून कारागिराच्या हाताला सेन्सर लावून हालचाल टिपली, तर मनगट किती वळलं, ठोका किती उंचीवरून आला, हाच तर वारसा. उंची भागून टाका, सेकंदाला पाचच नोंदी घ्या असं म्हटलं, तर जपायचं तेच हरवलं. इथे निनावीपणा आणि अभ्यास एकत्र नांदू शकत नाहीत. शिवाय थोडीच घरं हे काम करतात, त्यामुळे 'एक तांबट, पुणे' एवढं लिहिलं तरी ओळख उघड होते.

आणि बऱ्याच कलाकारांना नाव हवं असतं. दशावतारात राजाची भूमिका करणारा, शाहीर, मल्लखांबाचा वस्ताद यांना 'सहभागी क्रमांक ४७१२' म्हणणं हा त्यांच्या आयुष्यभराच्या साधनेचा अपमान आहे. त्यांच्यासाठी वेगळं संमतीपत्र हवं. त्यात प्रश्न वेगळे असतात: नाव द्यायचं का, कुठे द्यायचं, हालचालींची नोंद कुणाला वापरता येईल, तिच्यावरून खेळातलं पात्र बनवता येईल का, त्यातून पैसे मिळाले तर वाटा किती, आणि मृत्यूनंतर निर्णय कोण घेणार. पाहणाऱ्यासाठी केलेलं संमतीपत्र कलाकारापुढे ठेवणं ही या क्षेत्रातली सर्वांत जास्त खटकणारी हयगय आहे.

## संमतीपत्र कसं असावं?

सहभागीला समजेल अशा मराठीत, एका पानात. 'आपल्या गतिविषयक प्रदत्ताचे संस्करण' असं नको. 'तुम्ही मान कुठे वळवता आणि हात कसे हलवता ते यंत्र लिहून ठेवतं; अशा नोंदीवरून माणूस ओळखता येऊ शकतो' असं हवं. हालचाल, नजर, आवाज, फोटो आणि पुढच्या संशोधकांना देणं या पाच गोष्टींना पाच वेगळ्या चौकटी, आणि एकही आधीच टिक केलेली नसावी. आवाजाला नाही म्हटलं तरी गड पाहता यायला हवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं आणि साक्षीदार संशोधन संघाबाहेरचा असावा.

माघार घेण्याबद्दल खरं सांगावं. यादी नष्ट झाल्यावर कुणाची नोंद कुठली हे संशोधकालाही सांगता येत नाही, म्हणून 'कधीही माघार घ्या' हे आश्वासन खोटं ठरतं. त्याऐवजी ठरलेली तारीख द्यावी, उदाहरणार्थ सत्रापासून ३० दिवस.

आणि तुम्ही सहभागी असाल तर हेडसेट परत देताना एक छोटं कार्ड मागून घ्या. त्यावर तुमचा क्रमांक, माघारीची शेवटची तारीख आणि संपर्काचा पत्ता असावा. तुमचं नाव नसावं. ते कार्ड घरी जपून ठेवा. नावांची यादी वेगळ्या कुलपात गेली की तुमची नोंद शोधून काढण्याची सर्वांत खात्रीची किल्ली म्हणजे तुमच्या हातातला तो चार अंकी क्रमांक.